वाढता दिवस आणि वसंताचा अदमास

संक्रांतीच्या दिवशी हातावर तिळगूळ ठेवताना घरातील वडीलधारी मंडळी मुलांना सांगतात की, आता दिवस तिळातिळाने मोठा होत जाणार. कर्नाटकात त्याच दिवशी एळ्ळु-बेल्ल वाटतात. तेही तीळ आणि गूळच. हे सांगणे जुने आहे आणि खरेही आहे. परंतु तो तीळ नेमका केवढा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. बंगळुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांमुळे तो विचारणे आम्हांस भाग पडले.

हे गृहस्थ हवामानाचे हौशी निरीक्षक आहेत. गच्चीवर रोवलेली एक मीटर उंचीची सरळ काठी, पत्र्याचा एक उभट डबा, सावलीत टांगलेला एक तापमापक आणि एक जाड वही, एवढीच त्यांची वेधशाळा. एके वर्षी जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात ते ही वही घेऊन आले आणि म्हणाले, "अहो, तुम्ही शास्त्राची पुस्तके मराठीत आणता. बावीस डिसेंबरनंतर दिवस वाढू लागतो, असे त्यांत लिहिता. मग माझ्या वहीत सूर्य रोज उशिरा का उगवतो आहे?"

वही पाहिली. ती बरोबर होती आणि पुस्तकेही बरोबर होती. अडचण एवढीच की, आम्ही भाषांतरिलेली बहुतेक पुस्तके लंडनच्या आसपासच्या आकाशाखाली लिहिलेली होती.

बंगळूर १२ अंश ५८ कला उत्तर अक्षांशावर आहे. तेथे वर्षातील सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तास २२ मिनिटांचा आणि सर्वांत मोठा सुमारे १२ तास ५३ मिनिटांचा असतो. म्हणजे सहा महिन्यांत दिवस वाढतो तो अवघा दीड तास. मुंबईत ही वाढ सुमारे २ तास १८ मिनिटे आणि नागपुरात सुमारे अडीच तास भरते. लंडनमध्ये मात्र ती पावणेनऊ तासांच्या घरात जाते. तेथे मार्चमध्ये दिवस रोज जवळजवळ चार मिनिटांनी लांबतो आणि आठवड्याभरात तो फरक कोणाच्याही डोळ्यांत भरतो. बंगळुरात मार्चमध्ये, म्हणजे वाढीचा वेग सर्वांत अधिक असताना, दिवस रोज सुमारे ४४ सेकंदांनी वाढतो. संक्रांतीच्या सुमारास तर ही वाढ वीस-बावीस सेकंदांचीच असते. आपला तीळ तो एवढा. त्याच दिवशी नागपूरकरांच्या वाट्याला येणारा तीळ सुमारे पस्तीस सेकंदांहून थोडा मोठा असतो.

सूर्य उशिरा का उगवतो?

दिवस लहान होत जाणे म्हणजे सूर्य उशिरा उगवणे आणि लवकर मावळणे, असे आपण गृहीत धरतो. मध्यान्ह रोज घड्याळाच्या एकाच ठोक्याला झाली असती तर हे गृहीत खरे ठरले असते. पण तसे होत नाही. घड्याळाचा दिवस नेमका २४ तासांचा असतो. सूर्याचा दिवस, म्हणजे एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा काळ, वर्षभर सारखा नसतो. याची कारणे दोन. पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळाकार नाही. जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते आणि त्या वेळी तिची गती सर्वांत अधिक असते. दुसरे असे की, पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे सूर्याचे आकाशातील वार्षिक सरकणे विषुववृत्ताशी तिरपे होते. डिसेंबरच्या अखेरीस ही दोन्ही कारणे एकाच दिशेने काम करतात आणि सूर्याचा दिवस २४ तासांहून सुमारे अर्धा मिनिट अधिक भरतो. परिणामी मध्यान्ह रोज थोडी थोडी पुढे ढकलली जाते.

बंगळुरात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य मध्यावर येतो तो दुपारी बारा वाजून तीन मिनिटांनी, आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बारा वाजून चौतीस मिनिटांनी. (मध्यान्ह बारालाच का नाही, असा प्रश्न येथे येईल. आपले प्रमाणवेळेचे रेखावृत्त ८२½ अंशांचे. बंगळूर त्याच्या पश्चिमेस सुमारे पाच अंश आहे आणि दर अंशास चार मिनिटे याप्रमाणे सरासरी वीस मिनिटांचा उशीर तेथील सूर्याला होतोच.) सुमारे तीन महिन्यांत मध्यान्ह अर्ध्या तासाने सरकते. या सरकत्या मध्यान्हाला धरूनच सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही पुढे ओढले जातात. लंडनला दिवसाची वाढ इतकी भरभर होते की, ती या ओढीवर लवकरच मात करते आणि नव्या वर्षाच्या आरंभीच सूर्य लवकर उगवू लागतो. बंगळुरात वाढच तिळाएवढी; तिला ही ओढ मोडून काढण्यास जानेवारीचा शेवटचा आठवडा उजाडावा लागतो.

आकड्यांत सांगावयाचे तर असे. बंगळुरात सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो २० नोव्हेंबरच्या सुमारास, सायंकाळी ५ वाजून ५० मिनिटांनी. २१ डिसेंबरला दिवस सर्वांत लहान असूनही सूर्यास्त ५ वाजून ५९ मिनिटांवर गेलेला असतो. त्या दिवशी सूर्योदय ६ वाजून ३७ मिनिटांनी होतो. पण २५ जानेवारीच्या सुमारास तो ६ वाजून ४६ मिनिटांनी होतो आणि हाच वर्षातील सर्वांत उशिराचा सूर्योदय. या पस्तीस दिवसांत सकाळ नऊ मिनिटांनी मागे पडली आणि संध्याकाळ अठरा मिनिटांनी पुढे गेली. निव्वळ जमा नऊ मिनिटे. आमच्या शेजाऱ्यांच्या वहीतील तक्रार ती हीच. ते पहाटे उठणारे असल्यामुळे त्यांनी फक्त खर्चाची बाजू पाहिली होती!

येथे संक्रांतीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी सूर्याचा मकर राशीतील प्रवेश आणि उत्तरायणाचा खरा आरंभ हे दोन्ही जवळजवळ एकाच दिवशी होत असत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय मंद गतीने डोलतो. त्यामुळे नक्षत्रांवरून मोजलेली संक्रांत सुमारे सत्तर-बहात्तर वर्षांस एक दिवस याप्रमाणे मागे रेंगाळत आता १४ किंवा १५ जानेवारीस येते. तोवर बंगळुरातील दिवस चार मिनिटांहून अधिक वाढून गेलेला असतो. शहरातील गविपूर भागात गवि गंगाधरेश्वराचे लेण्यात कोरलेले देऊळ आहे. संक्रांतीच्या सायंकाळी मावळतीचे किरण नंदीच्या शिंगांमधून आत शिरून शिवलिंगावर पडतात आणि ते पाहण्यास मोठी गर्दी लोटते. भूमितीच्या दृष्टीने हीच घटना वर्षातून दोनदा घडावयास हवी, कारण सूर्य दक्षिणेकडे जाताना नोव्हेंबरच्या अखेरीस आकाशातील त्याच उंचीच्या मार्गावरून जातो. त्या दिवशी मात्र तेथे गर्दी नसते.

काठीची सावली

दिवसाच्या लांबीतील फरक जर एवढा क्षुल्लक, तर बंगळुरात जानेवारीत अंगावर शाल लागते आणि एप्रिलमध्ये पंख्याखालीही चैन पडत नाही, हे कशाने? याचे उत्तर घड्याळात नसून काठीच्या सावलीत आहे. मध्यान्हाच्या वेळी एक मीटर काठीची सावली २१ डिसेंबरला सुमारे ७४ सेंटिमीटर पडते. २० मार्चला ती २३ सेंटिमीटरवर येते. २४ एप्रिलच्या सुमारास, दुपारी १२ वाजून १८ मिनिटांनी, ती पूर्णपणे नाहीशी होते. सूर्य नेमका डोक्यावर असतो. त्यानंतर तो उत्तरेकडे झुकतो आणि २१ जूनला तीच सावली दक्षिणेच्या बाजूला सुमारे १८ सेंटिमीटर पडते. तिरप्या उन्हाची ऊब अधिक जमिनीवर पसरते, सरळ उन्हाची थोड्या जमिनीवर एकवटते. चार महिन्यांत सावली पाऊण मीटरवरून शून्यावर यावी, हा फरक दीड तासाच्या वाढीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

यावरून एक गोष्ट सहज उलगडते. वर्षातील सर्वांत मोठा दिवस बंगळुरात सर्वांत उष्ण नसतो. एप्रिलमधील दुपारचे सरासरी उष्णतामान सुमारे ३४ अंश सेल्सिअस असते. जूनमध्ये, दिवस मोठा असूनही, ते तिशीच्या आसपास उतरते. एप्रिलमध्ये सूर्य डोक्यावर, आकाश बरेचसे मोकळे आणि जमीन कोरडी. जूनमध्ये मोसमी ढगांचे छप्पर आणि ओली माती. शहराच्या वेधशाळेत नोंदलेले आजवरचे सर्वाधिक उष्णतामान, ३९.२ अंश, हे २०१६ सालच्या एप्रिलच्या चौथ्या आठवड्यातले, म्हणजे नेमके सूर्य डोक्यावर असतानाचे आहे. पुण्याला सूर्य मेच्या मध्यास डोक्यावर येतो, नागपूरला मेच्या शेवटच्या आठवड्यात. नागपूरचा मे का भाजतो, हे आता निराळे सांगावयास नको.

इंग्रजी पुस्तकांत वसंताचे वर्णन लांबत्या दिवसांनी सुरू होते. ते तेथे खरे आहे. तेच वाक्य जसेच्या तसे मराठीत उतरवून बंगळूर वा बेळगावच्या मुलाच्या हाती देणे म्हणजे त्याच्या डोळ्यांवर अविश्वास दाखविणे होय. हवामान खात्याच्या कोष्टकात तर वसंत नावाचा ऋतूच नाही. जानेवारी-फेब्रुवारी थंडीचे, आणि मार्च ते मे हा मोसमी पावसापूर्वीचा उन्हाळा. तरीही बंगळुरात वसंत आहे, आणि तो फुलांत आहे. १९०८ पासून पुढे सुमारे पाव शतक लालबागेची देखभाल करणारे जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगेल यांनी एकामागून एक क्रमाने बहरतील अशी झाडे रस्त्यांच्या कडेला लावण्याचा आग्रह धरला होता. गुलाबी टॅबेबुया, मग निळाजांभळा जॅकरांडा, मग गुलमोहर, हा क्रम नोंदणे हाही हवामाननिरीक्षणाचाच एक भाग होय.

अदमास म्हणजे काय?

येथवर जे सांगितले ते सर्व आगाऊ सांगता येते. पुढील वर्षीचा, किंबहुना पुढील शतकातील एखाद्या २४ एप्रिलचा मध्यान्ह आज मिनिटापर्यंत गणिताने काढता येतो. त्याच दिवशी बंगळुरात पाऊस पडेल काय, हे मात्र आठवडाभर आधीही खात्रीने सांगता येत नाही. दोन्ही गोष्टी आकाशातल्याच, मग हा भेद का?

हवामान खाते दर वर्षी मार्चच्या तोंडावर मार्च ते मे या काळासाठी एक पत्रक काढते. इंग्रजीत त्यास आउटलुक म्हणतात. या शब्दासाठी मराठीत काय योजावे, यावर आम्ही बराच काळ घालविला. 'भविष्य' म्हटले की ज्योतिषी आठवतो. 'भाकीत' म्हटले की ते खरे की खोटे एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. 'पूर्वानुमान' निर्दोष आहे, पण मुलांच्या जिभेवर बसत नाही. शेवटी 'अदमास' हा जुना शब्द आम्हांस योग्य वाटला. शेतकरी उभ्या पिकाकडे पाहून अदमासे अमुक पोती म्हणतो तेव्हा त्यात चुकीसाठी जागा राखलेली असते, आणि ऐकणाऱ्यालाही ती ठाऊक असते.

हा अदमास असा बांधतात. १९९१ ते २०२० अशी तीस वर्षे घेऊन त्यांतील उन्हाळे सर्वांत सौम्य ते सर्वांत कडक असे ओळीने मांडावेत आणि त्यांचे दहा-दहांचे तीन गट करावेत. काहीच माहिती नसेल तर येणारा उन्हाळा या तिन्हींपैकी कोणत्याही गटात पडण्याची शक्यता सारखीच, म्हणजे शेकडा ३३. पत्रकात एखाद्या प्रदेशासाठी कडक गटाची शक्यता शेकडा ६० दिली असेल, तर तिचा अर्थ एवढाच की, अशा दहा उन्हाळ्यांपैकी सहा कडक निघतील. उरलेले चार तसे निघणार नाहीत. आणि ते चार निघाले म्हणून पत्रक खोटे ठरत नाही.

ही शक्यता येते कोठून? १९६३ साली एडवर्ड लोरेन्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, वातावरणाच्या आरंभीच्या स्थितीतील अगदी सूक्ष्म चूकही गणितात वाढत वाढत जाऊन थोड्याच दिवसांत सारे चित्र पालटून टाकू शकते. मग तीन महिन्यांचे बोलावे तरी कसे? हवेला स्मरण थोडे असले तरी समुद्राला ते पुष्कळ असते. प्रशांत महासागराचा पृष्ठभाग एकदा तापला की महिनोन्महिने तापलेला राहतो आणि दूरवरच्या वाऱ्यांना वळण लावतो. उष्ण कटिबंधातील ऋतुमानाचा अदमास या मंद घटकांवर बांधता येतो, हा विचार चार्नी आणि भारतीय शास्त्रज्ञ जगदीश शुक्ल यांनी १९८१ साली सुस्पष्टपणे मांडला. आज हवामान खाते, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या सहकार्याने उभारलेल्या संगणकीय प्रतिकृतीत, किंचित निरनिराळ्या आरंभांवरून तेच गणित पुनःपुन्हा करते आणि त्यांतील किती उत्तरे कोणत्या गटात पडतात ते मोजते. १८८६ साली ब्लॅनफर्डने हिमालयातील बर्फाच्या थरावरून पावसाचा पहिला अदमास बांधला, त्यामागील युक्तीही तीच होती: जे सावकाश बदलते त्याला धरून राहावे.

आता बंगळूरचे २०२४ सालचे उदाहरण पाहू. आदल्या वर्षीचा मोसमी पाऊस कर्नाटकात तुटीचा झाला होता. राज्यातील २३६ तालुक्यांपैकी २२३ दुष्काळी जाहीर झाले होते. फेब्रुवारी-मार्चमध्येच शहरातील असंख्य विंधन विहिरी आटल्या आणि पाण्याच्या टाक्यांपुढे रांगा लागल्या. प्रशांत महासागरात एल निनो होता. १ एप्रिलच्या पत्रकाने उन्हाळा देशाच्या बहुतेक भागांत नेहमीपेक्षा कडक जाईल असे सांगितले आणि त्याचबरोबर एप्रिलमधील पाऊस देशभराच्या सरासरीने नेहमीइतका होण्याचा संभव वर्तविला. उन्हाळा कडक गेला. पण बंगळूरच्या वेधशाळेत त्या संपूर्ण एप्रिलमध्ये मोजण्याजोगा पाऊस शून्य. जेथे एरवी चाळीस ते साठ मिलिमीटर पडावयाचा, तेथे मापक कोरडे राहिले. पुढे मेच्या आरंभी सरी आल्या आणि २ जूनला एकाच दिवसात १११ मिलिमीटर पाऊस कोसळला. जूनमधील एका दिवसाचा १८९१ पासूनचा उच्चांक त्याने मोडला.

पत्रकावर विसंबून एप्रिलच्या पावसाची वाट पाहणारा मनुष्य त्या महिन्यात चिडला असेल तर नवल नाही. परंतु त्याने देशाचा अदमास आपल्या गल्लीचा मानला, ही चूक त्याची होती. एप्रिलमधील हा पाऊस कशाने पडतो ते पाहिले म्हणजे हे ध्यानात येईल. तापलेल्या द्वीपकल्पावर अरबी समुद्राकडील आणि बंगालच्या उपसागराकडील ओलसर वारे आमनेसामने येतात. त्यांच्या सीमेवर हवेच्या कमी दाबाची एक लांबट पन्हळ विदर्भ-मराठवाड्यापासून दक्षिण कर्नाटकाच्या अंतर्भागापर्यंत पुष्कळदा पसरलेली असते. दुपारपर्यंत जमीन तापते, ओली हवा वर उसळते आणि सायंकाळी गडगडाटासह वळीव कोसळतो. कर्नाटकात यांनाच आम्रसरी म्हणतात. असा एकेक ढग काही किलोमीटर रुंद असतो. ती पन्हळ कोठे पसरेल याचा अंदाज काही दिवस आधी येतो. पण कोणता ढग कोणत्या पेठेवर फुटेल हे दोन-तीन तास आधी कळले तरी पुष्कळ.

यात कोणाचे काय अडते, असे शहरी वाचकास वाटेल. कोडगू आणि चिक्कमगळूरच्या कॉफीमळ्यांत फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंतच्या एखाद्या चांगल्या सरीने कळ्या उमलतात आणि काही आठवड्यांत दुसरी सर आली म्हणजे फळ धरते. पहिली सर अपुरी पडली तर कळ्या जळतात. मळेवाल्याला ठरवावे लागते: तलावातील उरलेले पाणी आज तुषारसिंचनाने द्यावे की सरीची वाट पाहावी? कोलारच्या आमरायांत उलट चिंता, की तीच सर गारा आणि वावटळ घेऊन आली तर कैऱ्यांचा सडा पडेल. शेकडा ६० हा आकडा या लोकांच्या हिशेबात उतरतो तेव्हा उरलेल्या ४० ची किंमत त्यांना रोख मोजावी लागते. म्हणून पत्रकातील तो दुसरा आकडाही वाचावा, आणि शाळेत शिकवताना तो आधी शिकवावा, असे आमचे मत आहे.

ज्या विद्यार्थ्यांना स्वतः नोंदी ठेवावयाच्या असतील त्यांनी सरळ बाजूंचा, सपाट तळाचा डबा झाडे आणि भिंती यांपासून दूर, त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठला त्यातील पाण्याची खोली पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी. हवामान खात्याच्या वेधशाळाही त्याच वेळी मोजतात. डबा कोरडा असेल त्या दिवशी शून्य लिहावे, जागा रिकामी सोडू नये. आमच्या शेजाऱ्यांनी आता वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारली आहे. डावीकडे सूर्योदय, सूर्यास्त आणि सावली, ही ते वर्षाच्या आरंभीच पेन्सिलीने लिहून टाकतात आणि मागाहून पडताळतात. उजवीकडील रकाना रोजचा रोज शाईने भरतात.

२४ एप्रिलला काठी ओळंब्याने उभी करून १२ वाजून १० मिनिटांपासून सावली पाहावी. आभाळ भरून आले तर 'ढग' एवढेच लिहावे. सूर्य १८ ऑगस्टच्या सुमारास दुपारी १२ वाजून २४ मिनिटांनी पुन्हा तेथेच येतो. मात्र त्या महिन्यात बंगळुरात दुपारी मोकळे आकाश सापडणे कठीण असते.